सोलापुरात घाई फक्त आइस्क्रीमला

सोलापुरात घाई करायची पद्धत नाही. घाई केली म्हणून काम लवकर झालं, असा इथं कुणाचाच अनुभव नाही. नळाला पाणी ज्या दिवशी यायचं त्या दिवशी येतं, मधल्या दिवसांत आपण पिंपं मोजायची. विमानतळ होता आणि विमान नव्हतं, तेव्हाही गावानं त्याचा उपयोग करून घेतला: दोन पिढ्यांना बोलायला विषय मिळाला.

बाहेरगावचा माणूस याला आळस म्हणतो. तसं नाही. एके काळी हे गाव भोंग्यावर चालायचं. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, तिच्यामागून बाकीच्या आल्या, आणि भोंगा वाजला की निम्मं सोलापूर डबा घेऊन पळत सुटायचं. पुढं एकेक गिरणी बंद पडली, भोंगे गेले आणि त्यांच्याबरोबर पळणंही गेलं. ज्या गावानं आजोबा-पणजोबांपासून पळून घेतलंय, ते आता जरा टेकलं तर कुणाच्या पोटात दुखू नये.

अपवाद फक्त आइस्क्रीमचा. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जाऊन बसतो. रात्री नऊ वाजले तरी रस्त्याच्या डांबरातून चपलेला चटका बसतो आणि पंखा दिवसभराची हवा परत अंगावर फेकत असतो. त्या हवेत कप हातात आला की गोळा गोळेपण सोडायला लागतो, आणि पुढची पाच मिनिटं सोलापूरकर जेवढा कार्यक्षम असतो तेवढा उरलेल्या वर्षात नसतो. बोलणं थांबतं. फोन वाजला तर वाजू देतात. ज्या माणसानं घराच्या वाटणीचा कागद बारा वर्षं लांबवला, तो कपाची डावी बाजू आधी की उजवी, याचा निर्णय क्षणात घेतो.

हा सगळा कारभार चालतो आमच्या अण्णांच्या दुकानात. दुकानाचं नाव सांगत नाही. तसं सांगितलं असतं, पण अण्णांनीच हात जोडले: "छापू नका हो. लोक आले तर बसवू कुठं?" दुकानात दोन बाकं आणि चार खुर्च्या आहेत. त्यातल्या एका खुर्चीवर अण्णांचे वडील बसायचे, म्हणून तिच्यावर अजून कुणी बसत नाही. दुसरीवर वर्तमानपत्र असतं. म्हणजे गिऱ्हाइकासाठी दोनच. कन्ना चौकाच्या अलीकडं की पलीकडं, तेही सांगत नाही. ज्याला जायचंय त्यानं पूर्व भागात कुणालाही विचारावं. तो पत्ता सांगेलच, शिवाय बरोबर येईल.

भिंतीवर सिद्धेश्वराची तसबीर, तिच्याखाली एका बँकेचं कॅलेंडर आणि त्याखाली फ्लेवरचा फळा. फळ्यावर बावीस नावं आहेत. समोरचे दर इतक्यांदा पुसून लिहिलेत की जवळून पाहिलं तर महागाईचा सगळा इतिहास थराथरानं वाचता येतो. नव्या माणसाचा आणि अण्णांचा संवाद ठरलेला असतो.

"अण्णा, काय काय आहे?"

"व्हॅनिला, मँगो, बटरस्कॉच, केसर-पिस्ता, काजू-अंजीर, राजभोग, चिकू, सीताफळ, गुलकंद, ब्लॅक करंट..."

"काजू-अंजीर द्या."

"संपलं की."

"मग राजभोग?"

"उद्या."

"मग आहे काय?"

"व्हॅनिला, मँगो."

"अहो, मग मघाशी एवढी नावं घेतलीत ती?"

"तुम्ही 'काय काय आहे' विचारलंत. आपल्याकडं हे सगळं आहे. आज नाही, एवढंच."

जुनं गिऱ्हाईक असलं काही विचारत नाही. ते फक्त बोटं दाखवतं, दोन किंवा तीन. त्यातही अण्णांचं लक्ष बारीक. घरची पाच माणसं आली, चौघांनी आपापलं मागितलं आणि आजोबा म्हणाले "मला नको, रात्री बाधतं", की अण्णा निमूटपणे ट्रेमध्ये एक जादा चमचा ठेवतात. पुढच्या पाच मिनिटांत आजोबा प्रत्येकाच्या कपातलं "बघू, कसलं आहे" म्हणत एकेक चमचा घेतात, आणि हिशेब केला तर सगळ्यांत जास्त आइस्क्रीम त्यांच्याच पोटात गेलेलं असतं. नातवाच्या कपातलं तर दोनदा, कारण त्याचं लवकर विरघळायला लागतं म्हणे.

अण्णांची मायबोली कोणती, यावर पेठेत दोन तट आहेत. वहीत ते मराठीत लिहितात, पोराला कन्नडमध्ये रागावतात आणि नोटा तेलुगूत मोजतात. माणूस ज्या भाषेत पैसे मोजतो ती त्याची खरी भाषा, असं एक गट म्हणतो. ज्या भाषेत चिडतो ती, असं दुसरा म्हणतो. सोलापूरच्या दुकानदाराला असल्या वादात पडून चालत नाही. यूपीआय यायच्या आधी अण्णा "सुट्टे नाहीत", "चिल्लर लेदु", "चिल्लरे इल्ला" आणि "छुट्टे नै है" एकाच दमात म्हणायचे आणि चारही भाषांच्या गिऱ्हाइकांना सारख्याच मायेनं सुट्ट्यांऐवजी गोळी द्यायचे. आता काउंटरवर क्यूआर कोड आलाय. पोरगा म्हणतो, धंदा सुधारला. अण्णा म्हणतात, गोळ्यांचा खप पडला.

दिवसाचं गणितही ठरलेलं. दुपारी विड्या देऊन परतणाऱ्या बायका येतात. एक कुल्फी आणि "थंड पाणी द्या अण्णा", यात कुल्फी निमित्तालाच असते. पाचनंतर क्लासची पोरं. ती आठ जण मिळून तीन कप घेतात आणि भांडण मात्र आठ कपांचं करतात. जेवणं झाली की घरंच्या घरं येतात. त्या वेळी अण्णा मागं जातात आणि गल्ल्यावर अक्का बसतात. दुकान खरं म्हणजे अक्काच चालवतात. अण्णा ते नुसतं उघडतात.

अक्कांची ख्याती अशी की त्या आइस्क्रीम विकायला नकार देतात. हातात पैसे घेऊन आलेल्या पोराला म्हणतात, "काल शाळेतून येताना खोकलत होतास. आईला घेऊन ये." पोरगं म्हणतं, "आईनंच पैसे दिलेत." अक्का म्हणतात, "मग आईला बोलव, मला तिलाच विचारायचंय." एवढ्यावर पोरगं गयावया करतं आणि अक्का त्याला एक वेफर बिस्कीट देऊन वाटेला लावतात, त्याचे पैसे न घेता. असला धंदा व्यवस्थापनाच्या कुठल्याही पुस्तकात बसत नाही. पण त्या पोराची आई पुढच्या वाढदिवसाला दहा किलोची ऑर्डर दुसरीकडं देत नाही, हेही त्या पुस्तकात नसतं.

अक्कांची धास्ती तशी जुनीच आहे. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून लाकडाच्या भुशात गुंडाळलेला बर्फ जहाजानं चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला पोचला आणि पुढच्याच वर्षी मुंबईलाही यायला लागला. तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढलं, आणि ते खाऊन लोकांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'नं दिली, असं सांगतात. म्हणजे हिंदुस्थानात आइस्क्रीम आणि "सर्दी होईल" हे दोघं एकाच जहाजातून उतरले. मला नवल त्या बर्फाचं वाटतं. तो चार महिने समुद्रातून, विषुववृत्त दोनदा ओलांडून टिकला. अण्णांकडून 'पार्सल' घेतलेला फॅमिली पॅक मात्र अशोक चौकाचा सिग्नल ओलांडेपर्यंत टिकत नाही.

अण्णांच्या वडिलांनी धंदा सुरू केला तो पॉटवर. लाकडी पिंप, त्यात धातूचा डबा, डब्यात आटवलेलं दूध, भोवती फोडलेला बर्फ आणि बर्फात मूठमूठ जाडं मीठ. नुसता बर्फ शून्य अंशाला थांबतो आणि तेवढ्यावर गोड दूध गोठत नाही. मीठ घातलं की तोच बर्फ वितळता वितळता शून्याच्या पार खाली जातो. प्रमाण नेमकं जमलं तर उणे २१ अंशांपर्यंत. म्हणजे आत साखर, बाहेर मीठ आणि मधे पत्र्याची एक भिंत. ती भिंत कुठं पिचली तर काय होतं, हे पेठेतल्या जुन्या माणसांनी चाखलेलं आहे. हॅण्डल फिरवायचं काम घरच्या पोरांचं असायचं आणि मजुरी म्हणजे शेवटी आतला पंखा चाटायला मिळायचा. अण्णांचा उजवा दंड अजून डाव्यापेक्षा जाड आहे. मुंबईत भेंडी बाजारातलं ताज आइस्क्रीम १८८७ पासूनचं, ते अजूनही हातानं फिरवलेल्या पॉटसाठीच नावाजलं जातं. अण्णांनी मोटार बसवली, पण रविवारी पॉट काढतात. मोटारीच्या आइस्क्रीमला रांग लागत नाही, असं त्यांचं मत.

या जड, घट्ट आइस्क्रीमबद्दल अण्णा एरवी बोलत नाहीत. पण कुणी मोठ्या कंपनीचा डबा दाखवला की त्यांना राहवत नाही. कारखान्यात मिश्रण गोठवताना त्यात हवा फेटतात, त्यानं ते मऊ होतं आणि फुगतं. सरकारी नियमानं लीटरभर आइस्क्रीमचं वजन निदान ५२५ ग्रॅम भरलं पाहिजे. म्हणजे डब्यात निम्म्याच्या आसपास हवा भरायला कायद्याची हरकत नाही. दुधाचं स्निग्ध किमान १० टक्के असेल तरच नुसतं 'आइस्क्रीम' म्हणता येतं. दुधाच्या जागी वनस्पती तेल आलं की डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' छापावं लागतं, आणि ते किती बारीक छापायचं याची कला वेगळी. अण्णा डबा उलटसुलट करतात, चष्मा कपाळावर सरकवून वाचतात आणि परत देतात. "आपल्याकडं हवा बाहेर आहे," ते म्हणतात. "गरम आहे, पण फुकट आहे."

फ्लेवरच्या बाबतीत आमचा जिल्हा विचित्र आहे. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इथंच. पण पोरं मागतात स्ट्रॉबेरी, जिचं झाड असतं की वेल याचीही त्यांना कल्पना नसते. अण्णांनी एकदा डाळिंबाचं आइस्क्रीम करून पाहिलं. लोकांनी ते दाणे थुंकत खाल्लं आणि शेवटी विचारलं, "व्हॅनिला नाही का?" सीताफळाची मात्र गोष्ट वेगळी. बार्शीकडचं सीताफळ सुरू झालं की अक्का दुपारभर बिया काढत बसतात, आणि त्या दिवसांत अक्कांशी कुणी वाद घालत नाही, कारण हातात सुरी असते.

मुंबईत रघुनंदन कामत यांनी १९८४ साली जुहूला 'नॅचरल' सुरू केलं तेव्हा लोक यावेत म्हणून आधी पावभाजीही ठेवली होती. पावभाजीनं तोंड पोळलं की माणूस आइस्क्रीमकडं वळणारच. सोलापुरात असली युक्ती लढवायची गरज नाही. रात्रीच्या जेवणात कडक भाकरी आणि शेंगा चटणी असते. घराघरातून हाश्श-हुश्श करत माणसं थेट दुकानातच येतात.

शनिवारी रात्री दहानंतर हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याची मंडळी उतरतात. ही आमचीच पोरं, हिंजवडीला नोकरीला गेलेली. घरी बॅग टाकून आधी अण्णांकडं येतात आणि अण्णांना सल्ले देतात. एकानं मस्तानी सुचवली: ग्लासभर दाट मिल्कशेक आणि वर आइस्क्रीमचा गोळा. अण्णा म्हणाले, "प्यायचं की खायचं, हे आधी ठरवून ये." दुसऱ्यानं गेलाटोचा आग्रह धरला.

"ते काय असतंय?"

"अण्णा, त्यात फॅट कमी, हवा कमी, आणि जरा कमी थंड ठेवतात. मऊ लागतं."

"म्हणजे आपलं लाइट गेल्यावरचं."

लाइट जाण्याशी या दुकानाचं नातं जुनं आहे. भारनियमनाच्या दिवसांत तासन्‌तास लाइट नसायची आणि अण्णांच्या डीप फ्रीजरची घटका भरायची. मग अण्णा बाहेर येऊन एकच हाक द्यायचे: "निम्म्या भावात!" त्या हाकेसरशी पेठ जशी धावायची, तशी ती भोंग्यावरही धावली नसेल. पोरं बादल्या घेऊन यायची. शाळेतल्या प्रार्थनेत देवाकडं सुबुद्धी मागणारी पोरं संध्याकाळी लाइट जाऊ दे म्हणून नवस करायची. अण्णांचं नुकसान आणि पेठेची दिवाळी एकाच वेळी होत असल्यामुळं कुणाला धड हळहळताही यायचं नाही.

तो डीप फ्रीजर नावालाच अण्णांचा. पेठ त्याला आपलाच समजते. क्रिकेट खेळताना पाय मुरगळला की बर्फ इथूनच. लग्नाच्या आदल्या रात्री गजऱ्यांची पुडकी कुल्फीच्या शेजारी झोपतात, म्हणून लग्नसराईत कुल्फीला मोगऱ्याचा वास येतो, आणि बाहेरचं गिऱ्हाईक विचारतं, "हा नवीन फ्लेवर कुठला?" आणि पेठेत कुणी गेलं, मुलगा पुण्याहून आणि मुलगी हैदराबादहून यायची असली, तर बर्फाच्या लाद्यांसाठी पहिला माणूस अण्णांकडं येतो. रात्री दोनला असो की तीनला, शटर वर होतं. त्या लाद्यांचे पैसे अण्णा घेत नाहीत आणि त्या दिवशी दुकानही उघडत नाहीत. पुढं त्याच घरानं गोडाच्या जेवणाला आइस्क्रीम मागवलं की मात्र पैसे पुरे लावतात. दुःख वेगळं, कॅटरिंग वेगळं.

थंडीत आइस्क्रीमचं दुकान बसून असतं, असा बाहेरच्यांचा समज. आमच्याकडं जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा असते आणि होम मैदानावर तिची जत्रा, म्हणजे गड्डा, भरतो. अक्षता सोहळ्याला नंदीध्वज निघतात, तेव्हा भक्त पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतात. या दिवसांत अण्णा मँगो कमी करतात आणि व्हॅनिला वाढवतात, कारण बाराबंदीवर व्हॅनिलाचा डाग दिसत नाही. एरवी सोलापूरकर थंडीत काय करतो? मानांकन मिळालेली, घरच्याच गावची चादर डोक्यावरून घेतो, तिच्यातून एक हात बाहेर काढतो आणि त्या हातात कप असतो. थंडीत घाई नसते. गोळा अर्धा तास टिकतो आणि गप्पाही तेवढ्या लांबतात.

त्या गप्पांत विमान किती वर्षं उडत राहिलं, त्याची गणती नाही. विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडावी म्हणणारे आणि पाडू नये म्हणणारे एकाच बाकावर बसायचे, कारण दुसऱ्या बाकावर जागा नसायची. वाद रंगात आला की अक्का म्हणायच्या, "आधी खाऊन घ्या, मग भांडा." खाऊन होईपर्यंत भांडणाचा मुद्दा कुणाच्या लक्षात राहायचा नाही. २०२३ च्या जूनमध्ये चिमणी पडली. २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान खरोखरच उडालं. त्या रात्री दुकानात दोन्ही गट हजर होते आणि दोघांचीही तोंडं उतरलेली होती. इतक्या वर्षांचा विषय हातचा गेला होता. शेवटी कुणीतरी विचारलं, "पण विमानतळावर आइस्क्रीम केवढ्याला असंल बे?" मंडळी सावरून बसली. नवा विषय पुढच्या दहा वर्षांना पुरेल असा होता.

बिल द्यायची वेळ आली की मात्र गावाची सगळी सभ्यता उफाळून येते. "मी देतो", "अहो, तुम्ही कसं?", "मागच्या खेपेला तुम्हीच दिले", "तुम्हाला आईची शपथ". दोघं गल्ल्यावर आडवे होतात, एक दुसऱ्याचा हात धरतो, दुसरा त्याच्या खिशातलं पाकीट परत खिशात कोंबतो. पाठीमागं रांग खोळंबते, रांगेतल्यांच्या हातातलं आइस्क्रीम कोपरापर्यंत येतं. क्यूआर कोडनंही यात फरक पडला नाही, उलट आता दोघंही फोन पुढं करतात आणि एकमेकांचा स्क्रीन झाकतात. अक्का थोडा वेळ बघतात. मग गल्ल्याखालून लाल वही काढतात, पान उलटतात आणि त्या दोघांबरोबर रोज येणाऱ्या, पण आज न आलेल्या तिसऱ्या माणसाच्या नावावर सगळं बिल मांडतात.

"त्यांनी काय केलंय?" दोघंही एकदम विचारतात.

"ते भांडत नाहीत," अक्का म्हणतात. "पुढचं बोला, काय देऊ?"